ताई, हे कंपल्सरी आहे!

प्रश्न : मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा दसऱ्याला नवी गाडी घ्यायचं ठरलंय, माझ्या नावावर. सासऱ्यांची २०१२ची जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे. नवी गाडी पेट्रोलची, एक्स-शोरूम ८,६४,०००. शोरूममधल्या मुलाने मात्र ११,०४,५०० चा कागद हातात दिला. त्यात आरटीओ १,०८,०००, विमा ४६,५००, ॲक्सेसरीजचं 'बेसिक किट' ३८,५००, टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग १४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी २१,०००, हँडलिंग ७,५००, रोडसाइड असिस्टन्स ३,५०० आणि फास्टॅग ६००. यातून २५,००० सूट. हे सगळं लागतं का, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, हे कंपल्सरी आहे, सगळेच घेतात." चुलत दिराने तोच विमा बाहेर ३२,८०० ला काढून दाखवला, पण विमा बाहेरून घेतला तर सूट जाईल आणि कॅशलेसही मिळणार नाही म्हणे. आजच पैसे भरले तरच दसऱ्याला गाडी, म्हणून ११,००० भरून आलो. सासरे म्हणतात, एवढी मोठी वस्तू घेताना पाच-दहा हजारांसाठी किटकिट करू नये, बरं दिसत नाही. तो मुलगा फार अदबीने बोलतो, दोनदा चहा पाजला. मला त्याच्यापुढे नाही म्हणवत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला आमच्या शाखेतलं माझं टेबल आठवलं. एकतीस वर्षं मी बँकेत होते, त्यातली निम्मी कर्जखात्यात. गाडीकर्जाला आलेलं कुटुंब लांबूनच ओळखू यायचं. मुहूर्त ठरलेला, रंग मुलांनी ठरवलेला, आणि हातात तुमच्यासारखाच एक कागद. "हे साडेसात हजार कशाचे?" असं विचारलं की नवरा बायकोकडे बघायचा आणि बायको नवऱ्याकडे. दोघांनाही कागद समजत होता. शोरूममध्ये विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच. चहा पिताना हिशेब विचारणं आपल्याला अवघड जातं. ही अवघड वाटण्याची किंमत त्या कागदात आधीच धरलेली असते.

त्या मुलाचा राग मात्र करू नका. नुसत्या गाडीवर शोरूमला फार सुटत नाही. सुटतं ते विमा, कर्ज आणि ॲक्सेसरीजवर, आणि त्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं तेही यांचंच. तो अदबीने बोलतो ते मनापासून असेल. त्याच्या अदबीला तुम्हीही अदबीने उत्तर द्या. पैसे हा वेगळा विषय आहे.

आता कंपल्सरीचं बघू. नवी चारचाकी रस्त्यावर आणायला कायद्याने लागतं ते इतकंच: रस्ता कर आणि नोंदणी, थर्ड पार्टी विमा (म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा; २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून नव्या कारला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो), मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, फास्टॅग आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. तो अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून स्वतंत्र असेल तर परत घ्यायची गरज नाही. नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीकडूनच येते. तुमच्या कागदावरच्या बाकी सगळ्या ओळी तुमच्या मर्जीच्या आहेत.

आरटीओची ओळ बघून माझ्यातली कारकून जागी झाली. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे. ८,६४,००० वर तो ९५,०४० होतो. नोंदणीचे ६००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००, कार्ड आणि इतर किरकोळ धरून ही ओळ ९९ हजारांच्या आसपास थांबायला हवी. तुमच्याकडे १,०८,००० लिहिलेत. वरच्या नऊ हजारांचा तपशील मागा. "आरटीओत द्यावे लागतात" असं उत्तर आलं, तर सरकारी पावतीत येतील तेवढेच देऊ म्हणा. कर भरल्याची पावती संगणकावरच निघते आणि तिच्यात रुपयान् रुपया दिसतो. माझ्या अनुभवात, पावती मागितली की ही ओळ आपोआप बारीक होते.

हँडलिंगचे साडेसात हजार सरळ काट मारा. एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. यार्डातून दारापर्यंत गाडी आणायचा, पुसायचा खर्च त्या किमतीतच आला. याच्यावर वाद घालत बसायचीही गरज नाही.

विम्यावर मात्र जरा सावकाश बोलू, कारण सगळ्यात जास्त धूळ तिथेच उडवली जाते.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांत सारखा. २०२२च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या नव्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आहेत, वर जीएसटी. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. त्याचा दर ज्याचा त्याचा. शोरूमच्या ४६,५०० आणि दिराच्या ३२,८०० मधला फरक या दुसऱ्या भागातला आहे, आणि त्यात दलाली असते.

पण दिराचा आकडा घेऊन लगेच भांडायला जाऊ नका. आधी दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा. आयडीव्ही, म्हणजे विम्यातली गाडीची किंमत, दोन्हीकडे तीच आहे का? नव्या गाडीची ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, तुमच्या बाबतीत आठ लाख वीस हजारांच्या जवळपास. आयडीव्ही खाली दाखवून हप्ता स्वस्त करून देणारे बाहेरही आहेत. मग पुरवण्या, म्हणजे ॲड-ऑन, बघा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी पुरवणी, दोन्हीकडे आहे का? साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीच्या गाडीचा पुढचा-मागचा बंपर प्लास्टिकचाच असतो. पहिली तीन-चार वर्षं झिरो डेप घ्यावाच.

आणि तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून हे खास सांगते. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिलाय. पाण्यात बुडालेल्या गाडीचं नुकसान साध्या पॉलिसीतही बसतं, पण पाणी शिरलेलं असताना गाडी चालू केली आणि इंजिन आतून मोडलं, तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून विमा कंपनी बाजूला काढते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी पुरवणी असते. तुमच्या शोरूमच्या यादीत चावी हरवल्याचा विमा आहे का, सामानाचा आहे का, हे मला माहीत नाही. पण इंजिन प्रोटेक्ट आहे का ते आधी बघा, नसेल तर मागून घ्या. कृष्णेकाठी राहणाऱ्याला चावीपेक्षा याची गरज जास्त. (आणि पुरवणी असली तरी पाण्यातून काढलेल्या गाडीला चावी लावू नका. टो करून न्या. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, नवरेमंडळींना दोनदा.)

कॅशलेसचं म्हणाल तर ते विमा कुठून घेतला यावर ठरत नाही. तुमच्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, एवढाच प्रश्न असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर गॅरेजांची यादी मिळते. त्यात या शोरूमचं वर्कशॉप शोधा. असेल तर कॅशलेस आहे. बाहेरचा विमा घेतल्याने गाडीची वॉरंटी जाते, असंही काही ठिकाणी सांगतात. विम्याचा आणि वॉरंटीचा काही संबंध नाही. गाडी विकणाऱ्याने विशिष्ट विमा घ्यायला भाग पाडू नये, हे विमा नियामकाने २०१७ मध्ये विक्रेत्यांसाठी केलेल्या नियमांतच आहे.

मग २५,००० च्या सुटीचं काय? इथे मी तुम्हाला थोडं अनपेक्षित सांगणार आहे. ती सूट कोणाची आहे, ते आधी काढा. गाडीच्या कंपनीने त्या महिन्यासाठी जाहीर केलेली असेल, तर ती प्रत्येक ग्राहकाला आहे आणि विम्याशी बांधता येत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला एक फोन केला की कळतं. शोरूम स्वतःच्या खिशातून देत असेल, तर तो मुलगा म्हणतोय त्यात थोडं तथ्य आहे. त्याला विम्यात मिळणार, त्यातलं थोडं तो तुम्हाला देणार. अशा वेळी एकेक ओळ जिंकण्यापेक्षा बेरीज बघायची. बाहेरच्या विम्यात तुमचे १३,७०० वाचतात. त्यापायी २५,००० ची सूट गेली तर तुम्ही ११,३०० नी खाली आलात. तत्त्वासाठी एवढे पैसे घालवू नका. दिराचं कोटेशन छापून त्याच्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, "याच आयडीव्हीला, याच पुरवण्यांसह तुम्ही काय द्याल?" शोरूमचे आकडे अशा वेळी खाली येताना मी कितीदा तरी पाहिलेत. छत्तीस हजारांपर्यंत आला, इंजिन प्रोटेक्ट घातलं आणि सूटही ठेवली, तर विमा त्याच्याकडूनच घ्या. त्याचंही टार्गेट होईल. बघा, त्याचं मन मोडायचं नाही ही तुमची इच्छाही पुरी होते.

आता ते बेसिक किट. फ्लोअर मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, डोअर व्हायझर, सीट कव्हर, दारावरची पट्टी. यातलं लागतं काय? मॅट आणि मडफ्लॅप. दोन्ही कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात सावकाश, हात लावून घेता येतात. किट फोडून हव्या त्या दोन वस्तूंचा वेगळा दर मागा. किट फुटत नाही म्हणाले तर सोडून द्या. सीट कव्हरबद्दल एक धोक्याची गोष्ट आहे. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथे तशी खूण शिवलेली असते, आणि चुकीच्या कव्हराने ती एअरबॅग वेळेवर उघडत नाही. त्या गाडीसाठीचंच, त्या बाजूने उसवणारं कव्हर हवं, किंवा कव्हरच नको. तसंच पुढे लावायचं लोखंडी गार्ड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा धक्का ते सरळ गाडीच्या सांगाड्यात पोचवतं. आणि स्टिरिओ किंवा कॅमेरा बाहेरून बसवलात तर वायर कापू देऊ नका. तिथे मात्र वॉरंटीचा प्रश्न खरोखर येतो.

कोटिंगवरून मला माझीच गंमत सांगायला हवी. आमच्या पहिल्या गाडीला मी शोरूममध्ये अंडरबॉडी कोटिंगचे पैसे भरले होते. बँकेत दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, तिथे काहीच बोलले नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. पुढचा अर्धा भाग काळा, मागचा तसाच. म्हणाला, "मॅडम, यांचा डबा मध्येच संपला वाटतं." नव्या गाड्यांचा पत्रा कारखान्यातच गंजरोधक होऊन येतो. तुम्ही मालवणला किंवा रत्नागिरीला खाऱ्या हवेत राहत असता तर मी म्हटलं असतं, करून घ्या, पण आपल्यासमोर. सांगलीत १४,९०० चं काही अडलेलं नाही. टेफ्लॉन म्हणजे चांगलं पॉलिश. दोन महिन्यांनी वाटलं तर बाहेर करा.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही. नव्या गाड्यांना आता स्क्रीन, सेन्सर, गिअरबॉक्स असं बरंच काही महागाचं असतं. पण ती कंपनीची आहे की डीलरने तिसऱ्याच कुणाकडून आणलेली, हे बघा. कंपनीची असेल तरच विचार करा. आणि विचार करायला वेळ आहे. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती विकतात. उशीर केला तर थोडी महाग पडते, एवढंच. तुमची मूळ वॉरंटी किती वर्षांची, तुम्ही वर्षाला किती किलोमीटर चालवता, हे मांडून पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी ठरवा. रोडसाइड असिस्टन्स नव्या गाडीसोबत बऱ्याचदा आधीच येतो, विम्यातही पुरवणी म्हणून मिळतो. तोच तिसऱ्यांदा विकत घेऊ नका.

टीसीएसची, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करायच्या आयकराची, ओळ तुमच्या कागदात नाही, ते बरोबर आहे. तो गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की लागतो, १ टक्का, आणि रिटर्न भरताना परत मागता येतो.

कर्जाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण बोजा येणार असं धरून चालते. इथे एक युक्ती ओळखून ठेवा. तुम्ही किमतीवर बोलायला लागलात की समोरून हप्त्यावर बोलणं सुरू होतं. "ताई, अडतीस हजार म्हणू नका, महिन्याला फक्त सहाशे वाढतात." हिशेब खरा आहे. ३८,५०० रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांत फेडले तर महिना ६१९ रुपये बसतो. चौऱ्याऐंशी महिन्यांत तुम्ही ५२,००० भरता. सातव्या वर्षीही सीट कव्हरचा हप्ता जात असतो, आणि कव्हर फाटून चार वर्षं झालेली असतात.

आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,६०० च्या घरात, सात वर्षांत १२,९०० च्या घरात. दुसरा आकडा गोड वाटतो. पण व्याज पहिल्यात १,९६,००० आणि दुसऱ्यात २,८१,०००. पगारात बसत असेल तर पाचच वर्षं घ्या. कोणी "फक्त साडेपाच टक्के" म्हणालं तर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज उरलेल्या रकमेवर), हे विचारा. साडेपाच टक्के फ्लॅट पाच वर्षांसाठी म्हणजे खरं तर दहा टक्के. हे कोडं सोडवायची गरज राहू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं केलंय. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. शोरूमच्या बँकेचा, तुमचा पगार जमा होतो त्या बँकेचा आणि शिक्षकांच्या सोसायटीचा, असे तीन कागद मांडा. कर्जासोबत जीवन विमा गुंडाळून देतात, तोही ऐच्छिक आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही त्याच वेळी विचारून ठेवा.

हे सगळं समजलं तरी तोंडून नाही निघत नाही, ही तुमची खरी अडचण. त्यावर माझा उपाय असा की तोंडून बोलूच नका. घरी या, चपला काढा आणि त्या मुलाला व्हॉट्सॲपवर लिहा:

"नमस्कार दादा. गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. नवीन कोटेशन पाठवा: एक्स-शोरूम, आरटीओ (सरकारी पावतीप्रमाणे), विमा (सोबतच्या कोटेशनमधल्या आयडीव्ही व पुरवण्यांप्रमाणे, शिवाय इंजिन प्रोटेक्ट), फास्टॅग. किट, कोटिंग, हँडलिंग, रोडसाइड असिस्टन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी नको. सूट लेखी दाखवावी. एखादी गोष्ट सक्तीची असेल तर कोणत्या नियमाने, ते कृपया लिहून कळवावे."

शेवटची ओळ काढू नका. "कंपल्सरी आहे" हे बोलायला सोपं असतं, शोरूमच्या नावाने लिहून द्यायला कोणी तयार होत नाही. एका वस्तूसाठी दुसरी घ्यायची सक्ती करणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते, हे तुम्हाला माहीत असू दे. संदेशात घालू नका. तक्रारीची वेळ आली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण बहुधा येणार नाही. पुढचा फोन त्याच्या मॅनेजरचा येईल, आणि तो म्हणेल, "मॅडम, तुमच्यासाठी स्पेशल केस करतो." करू द्या.

नको म्हणताना कारण देऊ नका. "बजेट नाही" म्हणालात तर हप्ता येतो, "मिस्टरांना विचारते" म्हणालात तर "आत्ता फोन लावूया ना" येतं. "नको, राहू दे" याला उत्तर नसतं. भाजीवालीला तुम्ही रोज हेच म्हणता.

अकरा हजार भरलेत त्याची पावती शोरूमच्या नावाची आहे ना? त्यावर गाडीचं मॉडेल, रंग आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत, हे लिहून घ्या. यापुढचे पैसे शोरूमच्या खात्यातच, त्या मुलाच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही नाही, तो कितीही गुणी असला तरी.

दसऱ्याबद्दल. मुहूर्ताची घाई शोरूमला ग्राहकापेक्षा बरी ठाऊक असते. तुमचं बुकिंग झालंय, तेव्हा आता घासाघीस पितृपक्षात करा. तेव्हा लोक फिरकत नाहीत, शोरूममध्ये माश्या मारत बसलेले असतात, आणि मॅनेजरला बोलायला वेळ असतो. त्या पंधरवड्यात आपण कागद बघतोय, गाडी घरी आणत नाही, तेव्हा सासूबाईंचाही आक्षेप नसावा. आणि डिलिव्हरी दसऱ्याच्या दिवशी मागू नका. त्या दिवशी रांगेने गाड्या सुटतात, हार, नारळ, पेढे, भली मोठी पुठ्ठ्याची चावी धरून फोटो, आणि या गडबडीत दारावरचा ओरखडा तिसऱ्या दिवशी घरी दिसतो. गाडी नवरात्रात दोन दिवस आधी आणा. दसऱ्याला वाहनपूजा असतेच. झेंडूचा हार आपल्या अंगणात घाला.

नोंदणीला पाठवायच्या आधी गाडी एकदा उजेडात बघून घ्या, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नको. चॅसिस नंबर कागदाशी जुळवा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. पाचही टायर, स्टेपनीसकट. किलोमीटर किती पडलेत तेही. हे काम सासऱ्यांना द्या. जुनी गाडी एवढी वर्षं सांभाळलेल्या माणसाला टायर बघता येतो, आणि शोरूमच्या पोरांनाही अशा माणसापुढे जरा नीट उभं राहावं लागतं.

सासऱ्यांना 'किटकिट'चा हिशेबही दाखवा. सूट धरून शोरूमचा कागद १०,७९,५०० चा आहे. मी वर लिहिलं तसं झालं, तर गाडी बाहेरून घेतलेल्या मॅटसकट पावणेदहा लाख ते ९,८०,००० मध्ये दारात येते. पाच-दहा हजारांची गोष्ट असती तर मीही त्यांच्याच बाजूने बोलले असते. हा लाखाचा फरक आहे.

त्यांच्या जुन्या गाडीचं थोडक्यात. एक्स्चेंजचा भाव आणि नव्या गाडीची सूट एकाच आकड्यात मिसळू देऊ नका. जुनीचा वेगळा भाव दोन ठिकाणी विचारा, मग शोरूमचा ऐका. तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमच्या नव्या पॉलिसीला लागणार नाही, तो माणसाच्या नावावर असतो आणि नवी गाडी तुमच्या नावावर आहे. तो हवा असेल तर नवी गाडी सासऱ्यांच्या नावावर घ्यावी लागेल. पण कर्ज तुमच्या पगारावर असेल, तर त्यासाठी नाव बदलू नका. जुनी गाडी देताना तारीख आणि वेळ घातलेली ताबा पावती घ्या आणि आरसी बुकावरचं नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. आणि काचेवरचा जुना फास्टॅग गाडी सोडायच्या आधी बँकेत सांगून बंद करा. आमच्या शेजाऱ्यांनी केला नव्हता. गाडी विकून दीड महिना झाला तरी किणीच्या टोलचे मेसेज त्यांच्या मोबाइलवर येत होते.